हवेत नाव घ्यायचं नाही

नाना वॉकीटॉकीवर बोलत नसत. कोणी म्हणेल, त्यात काय विशेष, पुष्कळ माणसं बोलत नाहीत. पण नाना आमच्या गोडाऊनमध्ये वॉकीटॉकीचेच इनचार्ज होते. एकोणीस सेट, त्यांच्या बॅटऱ्या, चार्जर, कुठला सेट कोणाकडे, सगळं त्यांच्या ताब्यात. स्वतःचा सेट ते छातीवर कापडी पिशवीत अडकवायचे. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती पॉवरलूमवरच्या उरलेल्या कापडाची शिवली होती आणि अँटेना बाहेर यावी म्हणून वर एक भोक ठेवलं होतं. एवढा थाट असून सहा वर्षांत सेटवर मी त्यांचा आवाज एकदाच ऐकला. त्या एकदाबद्दलच मला सांगायचंय, पण नाना कोण होते ते कळल्याशिवाय त्यात काही अर्थ नाही.

बोलायचे नाहीत तर करायचे काय? बटण दाबायचे. दोनदा दाबलं, खट् खट्, म्हणजे ‘ऐकलं’. तीनदा म्हणजे ‘इकडे ये, तोंडानं सांगतो’. आणि एकदाच, पण लांब, दाबून धरलं म्हणजे ‘गप बस’. हा शेवटचा इशारा जास्त करून माझ्या वाट्याला यायचा, कारण डिस्पॅचच्या टेबलावर मी बसायचे आणि मला बोलायला आवडतं. कुठली गाडी कुठल्या डॉकवर भरली, किती वाजता निघणार, कुठल्या रस्त्यानं जाणार, हे गेटला आणि लोडरना सांगायचं काम माझं. मी ते सांगता सांगता दोन इकडच्या तिकडच्या गोष्टीही सांगायचे. तेवढ्यात सेटमधून लांबलचक खरखर यायची. मी खिडकीतून बघायचे तर नाना यार्डाच्या दुसऱ्या टोकाला उभे, अंगठा बटणावर, डोळे माझ्यावर.

सेटवर ते कोणाचं नाव घेऊ देत नसत. मी ‘सात’ होते. गेटवरचा रामसकल ‘दोन’. खुद्द शेठ ‘एक’. मॅनेजरसाहेबांना ‘चार’ म्हटलेलं आवडायचं नाही, ते स्वतःचं आडनाव सांगायचे, आणि नाना तोंड कडू करून दुसरीकडे बघायचे.

ही सावधगिरी सेटपुरती असती तरी चाललं असतं. समोरासमोर बोलतानाही ते आधी आजूबाजूला बघणार. चहावाला ग्लास घेऊन आला की वाक्य अर्ध्यावर थांबणार, ग्लास ठेवून तो गेला की उरलेलं अर्धं. त्यांच्याकडे बटणांचा जुना मोबाइल होता, तो कायम बंद. फोन बंद ठेवून उपयोग काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की उपयोग त्याचाच आहे. पुतणीच्या हळदीत तर त्यांनी कहर केला. मांडवात डीजे लागलेला, अख्खा गाव नाचतोय, आणि नाना डीजेवाल्याच्या कानाशी लागून सांगतायत की तुझा बिनवायरचा माइक बंद कर, पलीकडच्या गल्लीत ऐकू जातोय. डीजेवाल्यानं हसून मान हलवली. थोड्या वेळानं पलीकडच्या गल्लीतले भटजी स्वतः आले. त्यांच्या सत्यनारायणाच्या लाउडस्पीकरमधून नवरीच्या मामाच्या शिव्या ऐकू येत होत्या. दोन्ही मांडवांतले माइक एकाच दुकानातले, एकाच फ्रिक्वेन्सीवर लावलेले. नाना नुसते जेवायला बसले.

हे वेड त्यांना समुद्रानं लावलं. तरुणपणी पंधरा-सोळा वर्षं ते मालवाहू जहाजांवर रेडिओ सांभाळायचे. समुद्रात हाक मारायचा चॅनल सगळ्या जहाजांचा एकच असतो, कोणी काही बोललं की आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जातं. एका पहाटे त्यांनी बंदराला आपल्या जहाजाचं नाव आणि नांगर टाकायची जागा सांगितली. तासाभरात तिथे लुटारूंची होडी आली आणि जहाजावरच्या आचाऱ्याची तीन बोटं गेली. “सांगनारा मीच होतो,” एवढंच ते म्हणाले होते. हा विषय त्यांनी माझ्याकडे एकदाच काढला आणि मीही पुन्हा काढला नाही.

परत आले तेव्हा भिवंडीजवळच्या त्यांच्या वळ गावातली शेतं गोडाऊनखाली जायला लागली होती. नानांच्या वडिलांचीही गेली. शेठनी जमीन घेतली आणि घरातल्या एकाला नोकरी देतो म्हणाले, ती नानांनी धरली. आमच्या डॉक नंबर तीनची जागा म्हणजे त्यांच्या घरचं भाताचं शेत, जांभळीची पट्टी. लोडर तिथे खोकी आपटायला लागले की नाना त्यांना सांगायचे, सावकाश, खाली भात आहे. बिहारकडची पोरं खरंच खाली वाकून बघायची.

आता त्या सेटांचं सांगते. हे लायसन न लागणारे सेट. सरकारनं हवेत अशा सेटांसाठी थोडी जागा मोकळी सोडली आहे, ज्याला बोलायचं त्यानं तिथे बोलावं. चॅनल मोजके आणि गोडाऊन शेकड्यांनी, त्यामुळे एकाच चॅनलवर पाच-पंचवीस गोडाऊन. आमच्या सेटवर दिवसभर गोडाऊनच्या सगळ्या पट्ट्याची बडबड ऐकू यायची. कोणाचा फोर्कलिफ्ट बंद पडलाय, कोणाला पान पाहिजे, कोण कोणाच्या बहिणीवरून शिव्या देतंय. वैतागून मॅनेजरसाहेबांनी सेटच्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं प्रत्येक सेटमध्ये एक नंबर घातला, त्याला तो ‘प्रायव्हसी कोड’ म्हणत होता. क्षणात शांतता. फक्त आमचीच माणसं ऐकू यायला लागली. मॅनेजरसाहेब खूश, आता आपली लाइन प्रायव्हेट झाली म्हणाले. आम्हीही खूश. मी तर पूर्वी जी थोडी जपून बोलायचे तीही मोकाट सुटले.

नानांनी त्या दिवशी मला तीन खट् देऊन बाहेर बोलावलं.

“बाय, आपन आपलं कान झाकलं,” ते म्हणाले. “त्वांड उघडंच हाय.”

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. तो नंबर म्हणजे काय, तर दुसऱ्यांचं बोलणं आपल्या सेटनं आपल्याला ऐकवू नये एवढीच सोय. आपलं बोलणं हवेत पूर्वीसारखंच उघडं जातं. ज्याच्या सेटमध्ये असला नंबर घातलेला नाही, त्याला आपलं अक्षर न् अक्षर ऐकू येतं, आणि पट्ट्यातल्या बहुतेक सेटांत तो नाही. शिवाय आता दुसऱ्यांची बडबड आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून कोणी ऐकतंय हेसुद्धा आपण विसरणार. “इहिरीवर बादली आपली, पन पानी गावाचं,” असं ते म्हणाले, आणि वर विचारलं, “आज किती कान होते, सांगशील?” हा त्यांचा आवडता प्रश्न. रोज संध्याकाळी सेट जमा करताना ते प्रत्येकाला विचारायचे, आज किती कान? उत्तर कोणाकडेच नसायचं.

माझा विश्वास बसेना म्हणून त्यांनी पदरमोड करून बाजारातून तसलाच एक साधा सेट आणला आणि एक दिवस रजा टाकून समोरच्या रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर वही घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी ती वही त्यांनी मला वाचून दाखवली. दहा वाजून पाच, सात बोलली की डॉक तीनची गाडी भरली. अकरा वीस, सात बोलली की घोडबंदरला ट्रॅफिक आहे, गाडी आतून अकलोलीच्या रस्त्यानं काढा. बारा दहा, सात बोलली की डब्यात कारलं आहे, कोणाला पाहिजे का. मी लाजेनं अर्धमेली झाले. नाना ती वही घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले. साहेबांनी वाचली, हसले, आणि म्हणाले की टपरीवर बसून दिवसभर आमचं ऐकायला तुमच्याशिवाय रिकामं कोण आहे, नाना. मीही हसले. कारल्यावरून हसले, पण हसलेच. ते हसू मला अजून टोचतं.

नाना हार मानणारे नव्हते. एकदा त्यांनी त्याच साध्या सेटवर शेजारच्या गोडाऊनचा गार्ड बोलताना ऐकला की मागच्या गेटचं कुलूप तुटलंय, उद्या बघू. नाना उठले आणि त्या गोडाऊनमध्ये जाऊन इनचार्जला सांगून आले की तुमचं कुलूप तुटलंय आणि ते सगळ्या पट्ट्याला माहीत आहे. त्या लोकांनी त्यांनाच दोन तास बसवून ठेवलं. तुम्हाला कसं कळलं, तुम्ही कोणाची माणसं, असले प्रश्न. शेवटी शेठना जाऊन सोडवून आणावं लागलं. गाडीत शेठ चिडून म्हणाले की नाना, कशाला नसत्या भानगडीत पडता? नानांनी विचारलं की कुलूप बसवलं का त्यांनी? बसवलं होतं. मग झालं, म्हणाले.

मग त्या उन्हाळ्यात आमच्या दोन गाड्या लुटल्या गेल्या.

पंधरा दिवसांच्या अंतरानं, दोन्ही मोबाइलच्या सुट्या भागांनी भरलेल्या, दोन्ही गुजरातकडे निघालेल्या, दोन्ही अकलोलीकडच्या आतल्या रस्त्यावर. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर आमच्या टेमघरचा, आमच्याच गल्लीतला. त्याचा हात मोडला. आता, गाडी हायवेनं जाणार की आतून, हे आयत्या वेळी ट्रॅफिक बघून ठरायचं, आणि ठरवायचे मी. तेव्हा मॅनेजरसाहेबांचा हिशोब सरळ होता. हे आधी कोणाला माहीत? सातला. खबर कोणी दिली? सातनं.

मला शेठच्या केबिनमध्ये बोलावून विचारलं. मी नाही म्हणाले. माझा फोन बघितला, त्यात काही नव्हतं. साहेब म्हणाले, दुसरा फोन असेल. शेठ माझ्याकडे न बघता टेबलावरची काच पुसत बसले. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको, असं ठरलं. मी माझा डबा उचलला आणि बाहेर पडले. माझ्या पाठीमागे साहेबांनी सेटवर सगळ्या गार्डना सांगितलं की डिस्पॅचच्या पोरीला काढलंय, गाड्यांची खबर तीच देत होती, हिला गेटमध्ये घेऊ नका. नंबर नाही सांगितला. नाव सांगितलं, आडनावासकट.

गोडाऊनपासून रिक्षा स्टँड चालत दहा मिनिटं. माझं नाव माझ्या आधी तिथे पोचलं होतं. रोजचा रिक्षावाला, जो मला ताई म्हणायचा, तो मान वळवून बसला. दुसरा हळूच कोणाला तरी म्हणाला, यही है. मी तेव्हा रडत होते, नाहीतर तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की हे स्टँडवर कसं पोचलं.

माझ्या बाबांनी एकतीस वर्षं लूमवर काढली. लूमच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत, त्यांना काही सांगायचं तर कानाशी ओरडावं लागतं. संध्याकाळी चहाच्या दुकानात त्यांना कोणीतरी माझं विचारलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही. मग त्या माणसानं मोठ्यानं विचारलं. तरी नाही. मग ओरडून विचारलं, आणि अख्ख्या दुकानानं ऐकलं. बाबा घरी आले, चप्पल काढली, आणि मला एवढंच विचारलं की तू केलंस का? मी त्यांच्या कानाशी ओरडले, नाही. शेजारच्यांनाही ऐकू जावं म्हणून जरा जास्तच मोठ्यानं ओरडले. बाबांनी मान हलवली. त्यानंतर ते त्या दुकानात गेले नाहीत, पाव किलो साखर आणायलासुद्धा लांबच्या दुकानात जायचे. मला काढलं त्याचं मला तेवढं लागलं नाही जेवढं ती साखर लागली.

तिसऱ्या दिवशी नाना घरी आले. पाणी प्यायले, खिडकी लावली, आणि म्हणाले, “बाय, आठ दिस दे मना. आनि तुझा फोन दे.” फोन त्यांनी बंद करून छातीवरच्या पिशवीत सेटशेजारी ठेवला. जाताना त्यांनी मला बजावलं की शुक्रवारी घराबाहेर पडू नको, आणि दिवसभर चार माणसांच्या नजरेसमोर राहा. मी शेजारच्या मावशींकडे जाऊन दिवसभर पापड लाटले.

त्या शुक्रवारी काय झालं ते मला नंतर शेठच्या ड्रायव्हरनं सांगितलं, आणि नानांच्या वहीतही आहे.

भिवंडीत लूमना सुट्टी शुक्रवारी. शेठचे वडील लूमवालेच, त्यामुळे गोडाऊन झालं तरी आमची सुट्टी शुक्रवारचीच राहिली. आजूबाजूची गोडाऊनं चालू, आमचं बंद. नानांनी शेठना एकट्यांना बोलावलं. अठरा सेट कपाटात घातले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली शेठच्या हातात दिली. एकोणिसावा सेट बाहेर ठेवला. आपल्या माणसांपैकी आता कोणालाही काही ऐकू येऊ शकत नाही, हे शेठकडून दोनदा कबूल करून घेतलं. मग त्यांच्यासमोर एक कागद ठेवला आणि हे सेटवर वाचा म्हणाले. शेठनी वाचलं. डॉक तीनवरून निळा टेम्पो, मोबाइलचा माल, सुट्टी आहे म्हणून गुपचूप काढतोय, अकलोलीच्या रस्त्यानं, चारच्या सुमाराला तिकडे पोचेल. शेठ इतकं अडखळत वाचत होते की नानांनी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावलं.

असा टेम्पोच नव्हता. डॉक तीन रिकामा होता. ही गोष्ट जगात दोघांना माहीत होती आणि ते दोघे एकाच खोलीत बसले होते.

तिथून ते शेठच्या गाडीनं अकलोलीला गेले. नानांनी शेठच्या खांद्यावर टॉवेल टाकला, आपण तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला आलोय असं दिसलं पाहिजे म्हणाले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून दोघे कुंडात पाय सोडून बसले. ड्रायव्हर सांगतो, शेठचे पाय लाल झाले तरी नाना त्यांना काढू देईनात. साडेतीनला दोघे उठून वळणावरच्या नारळवाल्याकडे गेले. तिथे रस्त्याच्या कडेला एक पिकअप उभी होती, तिच्या पुढे मोटरसायकलवर दोघे. एकाच्या मांडीवर आमच्यासारखाच काळा सेट, आखूड अँटेनाचा. पावणेचारला एक निळा टेम्पो आला. मोटरसायकलवाले उठून उभे राहिले, टेम्पोची बाजू वाचली, बसले. तो भाजीचा होता. चारला दुसरा आला. पुन्हा उठले, वाचलं, बसले. तिसऱ्याला तर एकानं हात करून थांबवलं आणि आत डोकावून सोडून दिला. नाना वहीत वेळा लिहीत होते. शेठच्या हातात नारळ होता, त्यांनी तो शेवटपर्यंत तोंडाला लावला नाही.

पिकअपचा नंबर शेठनी पोलिसांना दिला. पुढे ती गाडी सापडली, आणि माणसंही, पण ते पोलिसांचं काम, नानांना त्यात रस नव्हता. ते म्हणायचे, चोर मोजणं पोलिसांचं, कान मोजणं आपलं.

रविवारी शेठचा निरोप आला की उद्यापासून कामावर ये. झालं ते विसरून जा, असं मॅनेजरसाहेबांनी वरून जोडलं होतं. आई देवापुढे साखर ठेवायला उठली. मी म्हणाले, मी जाणार, पण विसरणार नाही. आणि बाबांना बरोबर घेऊन गेले.

शेठ चांगले बोलले. बाबांना खुर्ची दिली, माफी मागितली, बाबांना ऐकू येईना म्हणून पुन्हा मोठ्यानं मागितली. मॅनेजरसाहेबांनीही गैरसमज झाला असं म्हटलं, खिडकीकडे बघत. सगळ्यांना वाटलं संपलं. मी उठले नाही. माझा स्वभाव तसा हसरा आहे, पण त्या दिवशी मला हसायचं नव्हतं.

“साहेबांनी माझं नाव हवेत घेतलं,” मी म्हणाले. “ह्या केबिनमध्ये माफी मागून ते परत येत नाही. जिथे गेलं तिथूनच ते परत आलं पाहिजे. नाहीतर मी कामावर येत नाही.”

साहेब म्हणाले की असं कसं करता येईल, कंपनीची इज्जत आहे. शेठ म्हणाले बघू. मी नानांकडे बघितलं. नाना दाराशी उभे होते, पिशवीवर हात. मला माहीत होतं मी काय मागतेय. ज्या माणसानं पहाटेच्या त्या एका वाक्यानंतर उभ्या आयुष्यात हवेत नाव घेतलं नव्हतं, त्याच्यासमोर मी हवेत नाव घ्यायला सांगत होते. मला वाटलं, आता लांब खरखर येणार, गप बस.

मग ते पुढे आले. टेबलावरचा सेट उचलला, त्यातला तो प्रायव्हसी कोड काढला, आणि आवाज पूर्ण वर केला, बाबांकडे बघत. अख्खा पट्टा त्या केबिनमध्ये घुसला. फोर्कलिफ्ट, पान, बहिणी, सगळं. नाना थांबले. कोणाचं तरी बोलणं संपून जरा मोकळं झालं, तसं त्यांनी बटण दाबलं.

“आयकनाऱ्या सगल्यांना सांगतो,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका जुना आणि स्वच्छ होता की मी दचकले. जहाजावर असाच असेल. मग त्यांनी आमच्या गोडाऊनचं नाव घेतलं, आणि मग माझं. माझं, बाबांचं आणि आडनाव, संथपणे, एकेक शब्द सुटा करून, जसं बंदराला जहाजाचं नाव सांगतात. “ही पोरगी सच्ची हाय. हिनं काय फोडलं न्हाय. फोडलं आमच्या सेटनं, आनि सेटचा इनचार्ज मी हाय. ज्यानं हिचं वाईट आयकलं, त्यानं हे पन आयकावं. आनि असंच सेट तुमच्याकडं पन हायेत, सांभालून बोला.” तेच सगळं त्यांनी पुन्हा हिंदीत सांगितलं, कारण ज्यांनी ऐकलं होतं त्यातले निम्मे हिंदीवाले. ‘सच्ची है’ हे त्यांनी हिंदीत दोनदा म्हटलं.

बटण सोडलं. एरवी क्षणभर गप न बसणारा पट्टा गप होता. मॅनेजरसाहेब बूट बघत होते.

आणि सेटमधून आलं, खट् खट्.

मला वाटलं आमचा रामसकल. पण तो तर केबिनच्या काचेबाहेरच उभा होता, हात रिकामे. परत, खट् खट्. मग दुसरीकडून, जरा दूरचं, खरखरीत. मग एक घाईघाईनं. हा इशारा नानांनी फक्त आमच्या एकोणीस सेटवाल्यांना शिकवला होता. बाहेरच्या कोणाला तो माहीत असायचं काही कारणच नव्हतं, एक सोडून. इतकी वर्षं ते आमचं ऐकत होते.

नानांच्या कपाळावर आधी आठी चढली. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि एकेका खटखटीला एक रेघ मारायला लागले. बाबा पुढे वाकून माझ्या दंडाला धरून विचारत होते की हे काय वाजतंय. त्यांना ते ऐकू येत होतं. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, “ते म्हणतायत, ऐकलं.”

सतरा रेघा झाल्या. नानांनी वही माझ्यासमोर धरली. रोज संध्याकाळच्या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं.

पुढे त्यांनी गोडाऊनमध्ये नवी पद्धत बसवली. रोज सकाळी चिठ्ठ्या वाटायचे, त्यात डॉकना आणि रस्त्यांना गोडाऊनखाली गेलेल्या शेतांची नावं, रोज उलटसुलट केलेली. मोठी खार, उंबराची पट्टी, देवाचं खाचर. ऐकणाऱ्याला वाटायचं कोणी भात कापतंय. रामसकल उंबराला हिंदीत गूलर म्हणाला म्हणून त्याला दिवसभर गेटवर शेतांची नावं पाठ करायला लावली होती. संध्याकाळी त्या चिठ्ठ्या चहाच्या ग्लासात बुडवून नाना स्वतः त्यांचा लगदा करायचे. नंतर शेठनी बोलणं कुलूपबंद करणारे महागडे सेट आणले, आणि मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या कुलपाचा नंबर लक्षात राहावा म्हणून कपाटावर मोठ्या अक्षरात चिकटवला. नानांनी तो कागद काढून तोंडात टाकला आणि चावून गिळला. मी ह्या डोळ्यांनी बघितलं. नाना गेले त्याला आता वर्ष होईल, शेतांच्या चिठ्ठ्या मी अजून वाटते, आणि संध्याकाळी सगळ्यांना विचारते, आज किती कान?

पण त्या सोमवारी अजून ह्यातलं काहीच नव्हतं. सतरावी खटखट वाजून गेली होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. नानांनी सेट माझ्या हातात दिला. मला बोलायला आवडतं, आणि इतके लोक ऐकत असताना बोलायची संधी मला परत कधी मिळाली नसती. मी बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. दोनदा. बास.